भटकी वीज, जमिनीखालची वायुवाहिनी आणि एक ओरखडा

खाली वायुवाहिनी आहे, खोदकाम करू नये, अशी सूचना देणारे खांब गोव्यात रस्त्याच्या कडेला आता सर्रास दिसतात. दाभोळहून बेंगळूरूकडे जाणाऱ्या ‘गेल’च्या नैसर्गिक वायूच्या वाहिनीची एक शाखा सह्याद्री उतरून गोव्यात येते. घरगुती नळवायूचे जाळेही राज्यात हळूहळू पसरत आहे. या वाहिन्यांविषयी आपल्याकडे चर्चा होते ती मुख्यतः खणून ठेवलेल्या रस्त्यांची, पावसाळ्यात खचणाऱ्या चरांची आणि उशिरा होणाऱ्या डांबरीकरणाची. ती रास्तच आहे. मात्र चर बुजवून रस्ता पूर्ववत झाल्यावर जमिनीखाली जे घडू शकते, त्याविषयी फारसे बोलले जात नाही. पोलादी नळीला गंज चढतो तो केवळ ओलाव्यामुळे नव्हे. आपली वाट सोडून मातीत शिरलेली वीजही नळी पोखरू शकते, आणि साध्या गंजाला ज्या कामासाठी वर्षानुवर्षे लागतात ते ती काही महिन्यांत उरकू शकते. अभियंते तिला भटका विद्युतप्रवाह म्हणतात.

परतीची वाट चुकलेली वीज

विजेचा एक नियम या साऱ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे. वीज जेथून निघते तेथे तिला परत जावेच लागते. मंडल पूर्ण झाल्याखेरीज प्रवाह वाहत नाही. विजेच्या ट्रामगाडीत हा प्रवाह उपकेंद्रातून निघून डोक्यावरच्या तारेने गाडीपर्यंत येतो, मोटर फिरवतो आणि चाकांतून रुळांत उतरून रुळांवाटे उपकेंद्राकडे परततो. रूळ हा चांगला वाहक असला तरी तो जमिनीवर टेकलेला असतो. खडी ओली असेल, रुळांचे सांधे सैल असतील किंवा उपकेंद्र दूर असेल, तर परतणाऱ्या प्रवाहाचा काही भाग रूळ सोडून मातीत झिरपतो. मातीत त्याला एखादी लांब लोखंडी नळी भेटली, तर तिच्यातून जाणे त्याला मातीपेक्षा कितीतरी सोपे पडते. तो नळीत शिरतो, तिच्या अंगाने प्रवास करतो आणि उपकेंद्र जवळ आले की नळी सोडून पुन्हा मातीतून रुळाकडे जातो.

फ्रँक स्प्रेग या अभियंत्याने १८८८ साली अमेरिकेतील रिचमंड शहरात विजेच्या ट्रामगाड्यांचे मोठे जाळे यशस्वीपणे चालवून दाखवले आणि त्यानंतर शहरामागून शहर या गाड्या घेऊ लागले. काही वर्षांतच तेथील पाण्याच्या नळांना आणि टेलिफोनच्या तारांवरील शिशाच्या वेष्टणांना भोके पडू लागली. माती तीच, नळ तेच, मग एकाएकी इतका गंज कोठून आला, हा प्रश्न नगरपालिका आणि ट्राम कंपन्या यांच्यातील दीर्घ वादाचे कारण ठरला. अखेरीस अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेला १९१०च्या दशकात या विषयाचा शास्त्रीय अभ्यास हाती घ्यावा लागला.

आपल्याकडे मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातील पहिली विजेवरची आगगाडी धावली, ती १,५०० व्होल्टच्या दिष्ट प्रवाहावर, म्हणजेच डीसीवर. मुंबईची उपनगरी रेल्वे आता २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर, म्हणजे एसीवर, आणली गेली आहे. परंतु कोलकाता आणि बेंगळूरू येथील मेट्रोगाड्या आजही ७५० व्होल्टच्या डीसीवर चालतात. मराठी वस्ती मोठी असलेल्या इंदूरच्या मेट्रोनेही तीच पद्धत स्वीकारली आहे. ट्रामगाडी इतिहासजमा झाली म्हणून तिने शिकवलेला धडा मात्र जुना झालेला नाही.

नुकसान शिरताना नव्हे, निघताना

प्रवाह नळीत शिरतो तेथे नळीचे नुकसान होत नाही. उलट त्या जागी लोखंडाचे संरक्षणच होते. नुकसान होते ते प्रवाह नळी सोडून मातीत उतरतो तेथे. धातूच्या आत वीज वाहून नेतात ते इलेक्ट्रॉन. ओल्या मातीत मात्र हे काम विद्युतभारित कणांना, म्हणजे आयनांना करावे लागते. धातू सोडून मातीत उतरताना प्रवाहाला या आयनांची गरज लागते आणि लोखंडाचे अणूच आयन होऊन मातीत निघून जातात. विद्युत विलेपनाच्या कारखान्यात धातूची पट्टी झिजते आणि तिचा मुलामा दुसऱ्या वस्तूवर चढतो. येथे झिजण्याचा अर्धा भाग तेवढा घडतो.

ही झीज किती होईल, याचे गणित मायकेल फॅरेडे यांनी १८३०च्या दशकात मांडलेल्या नियमांवरून करता येते. एक अँपिअरचा डीसी प्रवाह वर्षभर लोखंडातून मातीत उतरत राहिला, तर सुमारे ९ किलो लोखंड नाहीसे होते. एक अँपिअर हा आकडा मोठा वाटेल, म्हणून त्याचा हजारावा भाग, म्हणजे एक मिलीअँपिअर घेऊ. दूरचित्रवाणी संचावरचा लहानसा लाल दिवा लागण्यासही बहुधा यापेक्षा अधिक प्रवाह लागतो. हा एक मिलीअँपिअर नळीवरच्या एक चौरस सेंटिमीटर उघड्या जागेतून सतत बाहेर पडत राहिला, तर वर्षाला साडेअकरा मिलिमीटर खोलीइतके पोलाद खाल्ले जाईल. नळीची भिंत ६.४ मिलिमीटर जाडीची असेल, तर सात महिन्यांच्या आत तिला आरपार भोक पडेल. प्रत्यक्षात सगळाच प्रवाह लोखंड विरघळवण्यात खर्ची पडत नाही आणि खळगाही पसरत जातो, त्यामुळे वेळ कमी-अधिक होतो. तरी या हिशेबावरून अंदाज येतो: चाळीस वर्षे टिकावी म्हणून घातलेली नळी एखाद्या बिंदूवर वर्ष संपण्याआधीच हार मानू शकते.

आवरण चांगले, म्हणूनच छिद्र घातक

आधुनिक वायुवाहिन्या उघड्या पुरल्या जात नाहीत. पोलादावर इपॉक्सीचा थर, त्यावर चिकटवणारा थर आणि त्यावर जाड पॉलिथिलीन असे तीन पदरी आवरण कारखान्यातच चढवले जाते. हे आवरण विजेला जवळजवळ पूर्ण अटकाव करते. मग भीती कसली, असे कोणी म्हणेल. भीती आवरणाची नसून त्यातल्या छिद्राची आहे.

उघड्या नळीतून प्रवाह बाहेर पडला, तर तो शेकडो चौरस मीटर पृष्ठभागावर वाटला जातो आणि झीज सगळीकडे थोडीथोडी होते. आवरण घातलेल्या नळीवर त्याला बाहेर पडायला वाट असते ती केवळ जेथे आवरण खरवडले गेले आहे तेथे. धरणाला एकच झडप उघडी असेल, तर सारे पाणी तेथूनच वेगाने सुटते, तसा हा प्रकार आहे. नखाएवढ्या जागेवर सारा प्रवाह एकवटतो आणि नळी रुंदीत न झिजता खोलीत झिजते. त्यामुळेच आवरण जितके उत्तम, तितका त्यावरचा एखादा ओरखडा अधिक धोक्याचा, असा उफराटा न्याय जमिनीखाली चालतो.

ढालीचा शोध

या झिजेवरचा उपायही विजेचाच आहे. १८२४ साली हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरील तांब्याचे पत्रे वाचवण्यासाठी त्यांना जस्त व लोखंडाचे तुकडे जोडले. तुकडे झिजले, तांबे शाबूत राहिले. शंभर वर्षांनी, १९२८ साली, रॉबर्ट कुन यांनी अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स येथे हेच तत्त्व लांब पल्ल्याच्या वायुवाहिनीला लावले. जमिनीत पुरलेल्या धनाग्रांतून मुद्दाम डीसी प्रवाह सोडायचा, तो मातीतून नळीत शिरेल अशी व्यवस्था करायची आणि तारेने परत आणायचा. नळीत सगळीकडून प्रवाह शिरतच राहिला, तर तो तिच्यातून मातीत उतरण्याचा प्रश्नच राहत नाही. झीज होते ती पुरलेल्या धनाग्रांची, आणि ते बदलता येतात. या पद्धतीला कॅथोडिक प्रोटेक्शन म्हणतात.

नळीला पुरेसे संरक्षण मिळते की नाही, हे पाहण्यासाठी तांब्याची कांडी आणि मोरचुदाचे द्रावण असलेला प्रमाणित अर्धघट जमिनीवर टेकवून नळीचा विद्युतदाब मोजतात. तो उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक उणे असावा, ही कुन यांनी घालून दिलेली कसोटी आज जगभर वापरली जाते. भारतातही पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाच्या नियमांनुसार जमिनीखालील पोलादी वायुवाहिन्यांना असे संरक्षण द्यावे लागते.

मात्र ही ढाल शेजाऱ्याला लागू शकते. वायुवाहिनीसाठी मातीत सोडलेला प्रवाह जवळून जाणाऱ्या पाण्याच्या लोखंडी नळीत शिरून दुसऱ्या टोकाला बाहेर पडला, तर भोक पाण्याच्या नळीला पडते. आपल्याकडील अरुंद रस्त्यांच्या कडेला पाणी, वीज, दूरसंचार आणि वायू या साऱ्यांच्या वाहिन्या हातभर अंतरावरून जातात. एका खात्याने आपले संरक्षण चालू करताना दुसऱ्या खात्याला सांगणे आणि दोघांनी मिळून मोजणी करणे, हा शिष्टाचाराचा नव्हे, तर नळी वाचवण्याचा प्रश्न आहे.

कोकण रेल्वे एसीवर चालते, मग धोका टळला का?

गोव्यात ट्राम नव्हती आणि मेट्रो नाही. रोहा ते ठोकूर या ७४१ किलोमीटरच्या कोकण रेल्वेमार्गाचे विद्युतीकरण पूर्ण होऊन जून २०२२ मध्ये ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. हा मार्ग २५,००० व्होल्टच्या एसीवर चालतो. एसीची दिशा सेकंदाला शंभर वेळा पालटते. एका क्षणी लोखंड सोडून जाणारा प्रवाह पुढच्या क्षणी परत फिरतो, तेव्हा झीज भरून निघत असावी, असे अभियंतेही बराच काळ मानत होते. तेवढ्याच डीसी प्रवाहाच्या तुलनेत एसीने होणारी झीज शंभराव्या हिश्श्याइतकी किंवा त्याहूनही कमी असते, हे खरेच आहे.

या समजुतीला धक्का बसला तो १९८६ साली जर्मनीत. एसीवर चालणाऱ्या रेल्वेमार्गाला समांतर जाणाऱ्या आणि अवघ्या काही वर्षांपूर्वी घातलेल्या एका उच्चदाब वायुवाहिनीला गंजाने भोक पडल्याचे आढळले. आवरण पॉलिथिलीनचे होते, कॅथोडिक प्रोटेक्शन चालू होते आणि मोजणीचे आकडे कसोटीला उतरत होते. सर्व काही नियमानुसार असतानाही नळी पोखरली गेली, याचे उत्तर एसीत सापडले. त्यानंतर इतर देशांतही अशी उदाहरणे पुढे आली आणि एसीमुळे होणारा गंज हा स्वतंत्र विषय ठरला.

येथे वीज नळीपर्यंत येते ती वेगळ्या वाटेने. तिला मातीतून झिरपावेच लागते असे नाही. उच्चदाबाच्या तारेतून एसी वाहत असतो तेव्हा तिच्याभोवती सतत पालटणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या तारेला समांतर, किलोमीटरच्या किलोमीटर जाणाऱ्या नळीत या क्षेत्रामुळे विद्युतदाब उत्पन्न होतो. रोहित्रात एका वेटोळ्यातून दुसऱ्यात वीज स्पर्शाविना जाते, त्याच तत्त्वावर. आवरण उत्तम असले, तर हा दाब मातीत विरून जात नाही. तो नळीवर साचतो आणि छिद्र सापडताच तेथून वाट काढतो. रेल्वेमार्गाइतकेच हे वीज वाहून नेणाऱ्या मनोऱ्यांनाही लागू आहे. वृक्षतोडीमुळे वादात सापडलेल्या तमनार प्रकल्पातील ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांचा विचार करतानाही त्यांच्या पट्ट्यातून कोणती नळी किती अंतर समांतर जाते, हा प्रश्न विचारावा लागेल.

या प्रकारात आणखी एक गोम आहे. एसीचा धोका दिसला म्हणून कॅथोडिक प्रोटेक्शनचा प्रवाह वाढवला, तर गंज कमी होण्याऐवजी वाढू शकतो. अधिक प्रवाहाने छिद्रालगतच्या मातीचे रसायन बदलते, तिचा विद्युतरोध उतरतो आणि एसीला वाट आणखी मोकळी होते. औषधाची मात्रा वाढवल्याने दुखणे बळावावे, तसे हे घडते. म्हणून येथे ‘अधिक संरक्षण’ नव्हे, तर ‘नेमके संरक्षण’ हवे.

सडा आणि खाजन

छिद्रातून किती प्रवाह सुटेल, हे बऱ्याच अंशी त्याला टेकलेल्या मातीवर ठरते. कोरडी, खडकाळ जमीन विजेला अडवते. खारट, ओला चिखल तिला मोकळी वाट देतो. गोव्याची भूमी या दृष्टीने विलक्षण आहे. उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडणारा जांभ्या दगडाचा सडा आणि भरतीच्या खाऱ्या पाण्याने वर्षभर ओले राहणारे खाजन, हे दोन्ही येथे थोड्याशा अंतरात भेटतात. सड्यावरून येणारी नळी खाजनाच्या कडेला उतरते तेथे साचलेल्या दाबाला पहिली सोपी वाट मिळते. त्याच ठिकाणी आवरणाला ओरखडा असेल, तर तो सड्यावरच्या तशाच ओरखड्यापेक्षा कितीतरी अधिक घातक ठरतो.

पावसाळ्यात हे चित्र पुन्हा बदलते. मे महिन्यात वीज अडवणारा सडा जुलैत चिंब भिजलेला असतो. म्हणून एकाच हंगामातील मोजणीवर विसंबता येत नाही. नळीवरचा एसी दाब १५ व्होल्टच्या आत असावा आणि छिद्रातून सुटणारा प्रवाह दर चौरस मीटरला ३० अँपिअरच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय मानकातील प्रमुख निकष आहेत. चौरस मीटरचा हिशेब एका चौरस सेंटिमीटरवर आणला, तर ही मर्यादा केवळ तीन मिलीअँपिअर होते. इतका सूक्ष्म आकडा पाळायचा, तर मोजण्यात सातत्य लागते.

मोजता येते, म्हणून रोखता येते

या गंजाविषयी दिलासा देणारी गोष्ट अशी, की तो लहरी नाही. तो गणिताने चालतो आणि मोजता येतो. वाहिनीलगतच्या काही खांबांतून नळीला जोडलेल्या तारा वर आणलेल्या असतात. त्यांवर दाब तपासता येतो. नळीशेजारी ठरावीक आकाराचा पोलादी तुकडा पुरून, त्याला नळीशी जोडून, छिद्रातून किती प्रवाह सुटला असता हे थेट पाहता येते. आवरणातील छिद्रे जमीन न खणता वरून शोधणारी सर्वेक्षणे आहेत. नळीच्या आतून वायूच्या दाबाने ढकलले जाणारे, भिंतीची जाडी तपासत जाणारे ‘पिग’ नावाचे यंत्रही आहे.

उपायही ठरलेले आहेत. डीसी रेल्वेत रूळ जमिनीपासून विलग ठेवणे आणि गळालेला प्रवाह रुळाखालच्या जाळीत गोळा करणे, हे बांधकामाच्या वेळीच करता येते. नळीत शिरलेल्या डीसी प्रवाहाला मातीत उतरू न देता, एकाच दिशेने वाट देणाऱ्या जोडणीने रुळाकडे परत पाठवता येते. एसीसाठी नळीच्या बाजूने जस्ताची किंवा तांब्याची पट्टी पुरतात आणि मध्ये असे उपकरण बसवतात, की एसी जमिनीत जावा पण संरक्षणाचा डीसी अडून राहावा. सर्वांत स्वस्त उपाय मात्र आराखड्यातला आहे. रेल्वे किंवा मनोऱ्यांना समांतर जाणारे अंतर शक्य तितके कमी ठेवणे आणि ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडणे, हे कागदावर फुकट होते; नळी पुरल्यानंतर त्याची किंमत मोजावी लागते.

घरगुती जोडणीधारकांनी या साऱ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. गल्लीबोळांतून घरापर्यंत येणाऱ्या जमिनीखालच्या नळ्या बहुतांशी पिवळ्या पॉलिथिलीनच्या असतात. त्यातून वीज वाहत नाही आणि त्यांना असा गंज चढत नाही. प्रश्न आहे तो अधिक दाबाच्या पोलादी मुख्य वाहिन्यांचा.

ओरखडा कोणी सांगायचा?

गंजलेली वायुवाहिनी काय करू शकते, हे देशाने २७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशातील नगरम येथे पाहिले. पूर्व गोदावरी जिल्ह्यातील त्या गावात पहाटे वाहिनी फुटून भडकलेल्या आगीत वीसहून अधिक जणांचे प्राण गेले. तेथील गंज वायूतील पाण्यामुळे नळीच्या आतून चढला होता. भटक्या प्रवाहाशी त्याचा संबंध नव्हता. पण भिंत आतून पातळ झाली काय किंवा बाहेरून, फुटल्यानंतरचा अनर्थ सारखाच असतो.

म्हणूनच खोदकामाकडे वेगळ्या नजरेने पाहणे गरजेचे आहे. जेसीबीचा दात लागून नळी फुटली, तर वायूचा वास येतो, रस्ता बंद होतो, बातमी होते आणि दुरुस्तीही होते. दात नुसता घासून गेला, तर यातले काहीच होत नाही. पॉलिथिलीनचा हातभर पट्टा सोलला जातो, कंत्राटदार बोलणी टाळण्यासाठी माती ओढून घेतो आणि चर बुजतो. रेल्वेची वीज, मनोऱ्यांची वीज, खाजनाचा चिखल, हे सारे त्या उघड्या जागेची वाट पाहत असते. फुटलेल्या नळीपेक्षा न फुटलेली, पण ओरखडलेली नळी अधिक धोक्याची, कारण तिची नोंद कोणाकडेच नसते.

कायद्याची चौकट उपलब्ध आहे. वाहिनीसाठी जमिनीच्या वापराचा हक्क घेण्याबाबतचा १९६२ चा केंद्रीय कायदा या पट्ट्यात बांधकाम, खोल खोदकाम आणि झाडे लावण्यास मनाई करतो. वाहिनीचे नुकसान करणाऱ्यांसाठीच्या शिक्षा २०११ साली कडक करण्यात आल्या. खोदण्यापूर्वी भूमिगत वाहिन्यांच्या मालकांना कळवता यावे, म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. पंचायत असो, नगरपालिका असो किंवा सार्वजनिक बांधकाम खाते असो, खोदकामाचा परवाना देताना या ॲपवरील पूर्वसूचनेची पावती मागणे त्यांना अवघड नाही. त्याच परवान्यात आणखी एक अट घालता येईल: आवरणाला धक्का लागल्यास चर बुजवण्यापूर्वी वाहिनीच्या मालकाला कळवावे, आणि जो स्वतःहून कळवील त्याला केवळ दुरुस्तीचा खर्च लागू करावा, दंड नव्हे. लपवण्यात फायदा दिसला, की माणूस लपवतो. सांगण्यात तोटा नाही असे दिसले, तर तो सांगतो.

नागरिकांचा वाटाही यात आहे. वाहिनीलगतचा तो खांब म्हणजे केवळ फलक नव्हे. त्यातल्या तारा हे नळीची नाडी पाहण्याचे साधन असू शकते. तो पडलेला, मोडलेला किंवा झाडीत गडप झालेला दिसला, तर त्यावरच्या क्रमांकावर कळवावे. चरात काळे आवरण सोलून चकाकते पोलाद उघडे पडलेले दिसले, तर माती पडण्याआधीच फोन करावा. त्या क्षणी आवरणाला ठिगळ लावणे हे काही तासांचे काम असते. माती पडल्यावर तोच ओरखडा शोधण्यासाठी किलोमीटरभर सर्वेक्षण करावे लागते, आणि तोवर त्या जागेवरून किती पोलाद मातीत गेले असेल, हे फॅरेडेचे गणितच सांगू शकेल.